ईआरव्ही घ्यायचा की साधा पंखा? मुंबईतल्या बंद खोल्यांत ताजी हवा आणताना

स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि परत खोलीत सोडतो. भिंतीतून बाहेर जाणाऱ्या त्या दोन तांब्याच्या नळ्यांत गॅस असतो, हवा नसते. मी एसी-व्हेंटिलेशनची कामं घेते, भांडुपला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा गाळा आहे. तिथे चौकशीला येणाऱ्या बऱ्याच जणांना हे पहिल्यांदाच कळतं. चेहरा बघण्यासारखा होतो. मग पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे रात्रभर आम्ही आपलीच हवा परत परत घेतोय?" हो, तेच चाललंय.

यावर उपाय म्हणून हल्ली दोन प्रकारची यंत्रं विकली जातात. एक म्हणजे फिल्टर लावलेला साधा पंखा. बाहेरची हवा ओढायची, गाळायची, आत सोडायची. दुसरं म्हणजे ईआरव्ही (एनर्जी रिकव्हरी व्हेंटिलेटर) किंवा एचआरव्ही (हीट रिकव्हरी व्हेंटिलेटर). ह्यात दोन पंखे आणि मध्ये एक गाभा असतो. बाहेर जाणारी गार हवा आणि आत येणारी गरम हवा त्या गाभ्यातून एकमेकींना न मिसळता जातात, आणि जाता जाता गारवा इकडून तिकडे होतो. ऐकायला दुसरं यंत्र नेहमीच हुशारीचं वाटतं, आणि किंमतही कित्येक पट असते. कोणाला कोणतं घ्यायला सांगायचं, हे मी कसं ठरवते ते इथे लिहिते आहे.

आधी मोजा, मग बोला

पहिली खरेदी यंत्राची नको, कार्बन डायऑक्साइड मीटरची. त्यात एनडीआयआर सेन्सर, म्हणजे इन्फ्रारेड किरणांनी थेट हा वायू मोजणारा सेन्सर, असला पाहिजे. स्वस्तातल्या मीटरांत हा सेन्सर नसतोच. ते दुसराच कुठला वास-वाफ मोजतात आणि त्यावरून आकडा रचून दाखवतात. अगरबत्ती लावली की त्यांचा आकडा उड्या मारतो. ओळखायचं सोपं आहे: मीटर गॅलरीत नेऊन पंधरा-वीस मिनिटं ठेवा. बाहेरच्या हवेत आज साधारण ४२० पीपीएम (दहा लाख भागांत ४२० भाग) असतो. रस्त्याकडची बाजू असेल तर थोडा जास्त. मीटर ७०० दाखवत असेल तर तो परत करा.

मग रात्री नेहमीसारखे दार-खिडक्या लावून, एसी लावून झोपा आणि सकाळी उठल्या उठल्या आकडा बघा. साधारण १२० चौरस फुटांची बेडरूम, दोन माणसं, बऱ्यापैकी घट्ट बसणाऱ्या सरकत्या खिडक्या, एवढं असलं की आकडा पहाटेपर्यंत दोन-सव्वादोन हजारांवर गेलेला असतो. जुन्या लाकडी खिडक्यांच्या घरात तो हजार-बाराशेवर अडतो, कारण फटी आपोआप काम करत असतात. तसं असेल तर माझ्याकडून काहीच घेऊ नका. एक दार फटभर उघडं ठेवून झोपलात तरी भागेल.

हजाराच्या आत असलं की बरं, हा माझा सरधोपट नियम. कार्बन डायऑक्साइड त्या पातळीला विष नसतो, पण खोलीत हवा किती बदलतेय त्याचं ते उत्तम मापटं आहे. हवा बदलत नसेल तर घामाचा वास, गादी-पडद्यांतून येणारे वायू, एखाद्याचा सर्दी-खोकला, सगळंच तिथे साठतं.

किती हवा लागते? घरातल्या बेडरूमला मी माणशी १५ सीएफएम धरते. सीएफएम म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा. दोघांना ३० सीएफएम. एवढी हवा दिली की वर सांगितलेल्या बेडरूममधला तोच आकडा साधारण ८००-९०० वर येऊन थांबतो. ऑफिससाठी अमेरिकेतल्या अ‍ॅश्रे संस्थेच्या ६२.१ क्रमांकाच्या मानकातला हिशेब इथेही सर्रास वापरतात: माणशी ५ सीएफएम, अधिक चौरस फुटामागे ०.०६. वर्गखोलीसाठी माणशी १० आणि चौरस फुटामागे ०.१२. हे किमान आकडे आहेत. मी त्यावर तिसरा हिस्सा वाढवून धरते.

मुंबईचा प्रश्न गरमीचा नाही, पाण्याचा आहे

युरोपात बाहेर शून्य अंश आणि घरात एकवीस. तिथे खिडकी उघडली की पैसे उष्णतेच्या रूपानं बाहेर जातात, म्हणून ती उष्णता पकडून ठेवणारं यंत्र तिथे कामाचं ठरतं. जर्मनीतल्या पॅसिव्ह हाउस मानकात तर ७५ टक्के उष्णता परत मिळालीच पाहिजे अशी अट आहे. इंटरनेटवरची बहुतेक माहिती त्या हवामानातून आलेली असते. ती वाचून लोक मुलुंडच्या फ्लॅटसाठी यंत्र मागवतात.

आता आपल्याकडची जुलैची रात्र घ्या. बाहेर साडेसत्तावीस अंश, दमटपणा ८८ टक्के. आत एसीनं २५ अंश आणि ५५ टक्के ठेवलंय. तापमानात फरक जेमतेम अडीच अंशांचा. पण बाहेरच्या एक किलो हवेत वीसेक ग्रॅम पाणी आहे आणि आतल्या हवेत अकरा. ही हवा आत घेतली की एसीवर जो जादा भार पडतो, त्यातला नव्वद टक्के भार पाणी काढण्याचा असतो. हवा गार करणं हा उरलेला दहावा हिस्सा. मेमधल्या दुपारी, ३३ अंश आणि ६५ टक्के दमटपणा धरला, तरी पाऊण भार पाण्याचाच.

वीजबिलात हे वेगळं दिसत नाही, पण एसीच्या ड्रेनच्या पाइपाखाली बादली लावली की दिसतं. ३० सीएफएम ताजी हवा जुलैच्या रात्री आठ तास घेतली तर तिच्याबरोबर चार-साडेचार लिटर पाणी खोलीत येतं. एवढं सगळं पाणी एसीनं त्या नळीतून बाहेर काढायचं असतं. नाही काढलं, तर ते कपाटामागच्या भिंतीवर काळ्या ठिपक्यांच्या रूपानं दिसू लागतं.

म्हणून एचआरव्ही, म्हणजे फक्त उष्णता अदलाबदल करणारं यंत्र, मुंबईत मी कोणालाच सुचवत नाही. त्याचा गाभा अ‍ॅल्युमिनियमचा किंवा प्लास्टिकचा असतो. त्यातून गारवा जातो, वाफ जात नाही. जुलैच्या त्या रात्री ते यंत्र ७५ टक्के कार्यक्षमतेनं चाललं तरी एकूण भारातला सात-आठ टक्केच वाचवेल, कारण बाकीचा नव्वद टक्के त्याच्या हातातच नाही. हल्ली ऑनलाइन मिळणारे भिंतीतले छोटे सिरॅमिकचे पंखे, जे दर मिनिटा-सव्वा मिनिटाला दिशा बदलतात, त्यांचीही गोष्ट तीच. बनावट सुंदर असते, पण आपल्या हवामानात ते एक महागडं भोक ठरतं. शिवाय वाऱ्याबरोबरचा पाऊस आत.

ईआरव्हीचा गाभा खास कागदाचा किंवा पडद्यासारख्या पॉलिमरचा असतो. त्यातून वाफही पलीकडे जाते. दमट बाजूकडून कोरड्या बाजूकडे, म्हणजे आत येणाऱ्या हवेतलं बरंचसं पाणी बाहेर जाणाऱ्या हवेबरोबर परत बाहेर. उष्णता परत मिळवणारं यंत्र मुंबईत घ्यायचंच असेल तर हेच. आणि एसी नसेल तर हेही नको. आतबाहेर सारखीच हवा असेल तर परत मिळवायला काही नसतंच. तिथे छताचा पंखा, उघडी खिडकी आणि दारावरचं जाळीचं व्हेंटिलेटर. चाळीतल्या खोल्यांना वारा कसा खेळवायचा ते ती घरं बांधणाऱ्यांना चांगलं कळत होतं.

फ्लॅटच्या बेडरूमला: फिल्टरचा पंखा

घरासाठी मी जवळजवळ नेहमी साध्या पंख्यावर येते. कारण पैशांचं गणितच तसं आहे. ३० सीएफएम हवेचा जुलैच्या रात्रीचा भार साधारण ४४० वॉट. इन्व्हर्टर एसी तो उपसायला आठ तासांत एक युनिट वीज खातो. ईआरव्हीनं त्यातला साठ टक्के वाचवला, तर ०.६ युनिट. पण ईआरव्हीत दोन पंखे असतात, त्यांची जादा वीज वजा केली की हातात ०.४ युनिट उरतं. युनिटला दहा रुपये धरले तरी रात्रीचे चार रुपये. वर्षातले आठ महिने एसी लावलात तर हजार रुपयांच्या आसपास. आता ईआरव्हीच्या आणि त्याच्या डक्टिंगच्या कोटेशनला या हजारानं भागा आणि किती वर्षं येतात ते बघा. त्या आधी तुमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलेली असेल.

गोरेगावच्या एका काकूंना मी हाच हिशेब कागदावर मांडून दाखवत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, मग खिडकी उघडून झोपायला काय झालं?" मी म्हटलं, "काकू, डिसेंबर-जानेवारीत तेच करा, पण पहाटे धूळ मोजणाऱ्या मीटरवरचा आकडाही बघा." त्यांच्या खिडकीसमोर दोन टॉवरांचं बांधकाम चालू होतं. मुंबईच्या हवेची हीच तर अडचण आहे: थंडीत हवा कोरडी आणि छान, पण तेव्हाच ती सगळ्यात घाण. आपल्या देशाच्या मानकात पीएम २.५ ची, म्हणजे अतिबारीक धुळीची, चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली ती १५ सुचवली. २०२३ च्या ऑक्टोबरात महापालिकेनं बांधकामांसाठी हिरवी कापडं, पत्र्याचं कुंपण, पाणी मारणं वगैरे नियम काढले, ते याच धुळीपायी. तेव्हा फिल्टर लागतोच, आणि फिल्टर आला की खिडकीतला नेहमीचा एक्झॉस्ट पंखा उलटा बसवून भागत नाही.

इथे जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. बाथरूमला लावतो तो सहा इंची पंखा पात्यांचा असतो. त्याच्या खोक्यावर सीएफएमचा आकडा भरघोस असतो, पण तो पुढे-मागे काहीही अडथळा नसतानाचा. त्याच्यासमोर एफ-७ दर्जाचा, म्हणजे बारीक धूळ अडवणारा, फिल्टर धरला, की पाती फिरत राहतात आणि हवा जागची हलत नाही. फिल्टरमधून हवा ढकलायला दाब लागतो. त्यासाठी गोल डक्टमध्ये बसणारा इनलाइन पंखा घ्यायचा, सेंट्रिफ्यूगल किंवा मिक्स्ड फ्लो. कॅटलॉगमध्ये दाब आणि हवा यांचा आलेख असतो. १०० ते १५० पास्कल दाबाला तो किती हवा देतो, तेवढंच वाचा. तिथे ४० सीएफएम दिसले तर पुरे. वेग कमी-जास्त करता आला पाहिजे, म्हणून ईसी (इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची) मोटर असेल तर उत्तम.

फिल्टर दोन: पुढे धुता येणारी जाड जाळी, मागे एफ-७. हेपाच्या, म्हणजे त्याहून कितीतरी दाट फिल्टरच्या, मागे लागू नका. त्याला दाब फार लागतो, मग पंखा मोठा, मग आवाज मोठा, आणि शेवटी घरातलं कोणीतरी वैतागून बटण बंद करतं. बारीक धूळ आणखी कमी करायची असेल तर खोलीत वेगळा प्युरिफायर ठेवा.

भोक कुठे पाडायचं? पाइप ४ इंची पुरतो. प्लंबिंगच्या दुकानात मिळणारा ११० मिमीचा पीव्हीसी पाइप यासाठी झकास असतो. खाऱ्या हवेत गंजत नाही आणि कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे मिळतो. वीटकामाच्या भिंतीत कोअर कटिंग करून घ्या. बीम, कॉलम किंवा आरसीसीची भिंत असेल तर हात लावायचा नाही, आणि बाहेरच्या भिंतीला हात लावण्याआधी सोसायटीचं पत्र घ्यायचं. पत्र मिळत नसेल तर खिडकीच्या वरच्या बंद तावदानाची काच काढून तिथे एसीपीचा (अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याच्या पॅनेलचा) किंवा अ‍ॅक्रिलिकचा तुकडा बसवा आणि त्यात भोक करा. घर सोडताना काच परत बसवता येते. भाड्याच्या घरांत मी हेच करते.

पाइप बाहेरच्या बाजूला उतरता हवा, अंदाजे बोटभर. तोंडाला खाली वळलेला एल्बो आणि त्यात स्टेनलेसची जाळी. कबुतर जाळीशिवायच्या भोकात घरटं करणार म्हणजे करणारच, त्यात शंका नको. पश्चिमेच्या भिंतीवर असाल तर एल्बोवर छोटं छप्पर पण द्या. जुलैमधला आडवा पाऊस खालूनही वर चढतो.

आता एक गोष्ट ठासून सांगते: हवा बिल्डिंगच्या डक्टमधून घेऊ नका. मुंबईच्या बिल्डिंगमध्ये डक्ट म्हणजे पाइप जातात तो उभा चौक, जिथे वरपासून खालपर्यंत सगळ्यांचे बाथरूमचे एक्झॉस्ट आणि निम्म्यांच्या किचनच्या चिमण्या सोडलेल्या असतात. फिटर लोकांना ती जागा आवडते, कारण बाहेर लटकावं लागत नाही आणि सोसायटी बघत नाही. विलेपार्ल्यात एका घरी असं बसवलेलं काम मला दाखवायला बोलावलं होतं. तक्रार अशी, की पंखा लावला की रात्री अकराला लसणाची फोडणी येते. वास बेडरूमच्या फिल्टरमधून येत होता. पंखा उत्तम होता, फिल्टरही नवा होता, पण फिल्टर धूळ अडवतो, वास नाही. आम्ही पंखा तोच ठेवला आणि पाइप फक्त माळ्यावरून फिरवून रस्त्याच्या बाजूला काढला.

आत हवा सोडायची ती एसीच्या वरच्या अंगाला, जिथून एसी खोलीतली हवा ओढतो, त्याच्या जवळ. म्हणजे दमट हवा भिंतीला लागायच्या आधी कॉइलवरून जाते. पलंगाच्या डोक्याशी सोडलीत तर पावसाळ्यात उशी ओलसर लागेल. एसी २५-२६ वर ठेवा. २० वर ठेवून ताजी हवा घेतली तर भिंती इतक्या गार होतात की बाहेरच्या हवेतलं पाणी त्यांच्यावरच सुटतं. मुंबईच्या पावसाळ्यात दवबिंदूच, म्हणजे हवेतलं पाणी सुटू लागतं ते तापमान, २४-२५ अंशांच्या आसपास असतो, हे लक्षात ठेवा. एसी बंद असताना मात्र पंखा बिनधास्त चालू द्या, तेव्हा भिंती गार नसतात.

आत ढकलायची की बाहेर ओढायची, यावर लोक वाद घालतात. माझं मत पक्कं आहे: आपल्याकडे आत ढकला. बाहेर ओढणारा पंखा लावलात की बदली हवा कुठून येईल ते तुमच्या हातात राहत नाही. ती मोरीच्या जाळीतून, दाराखालून, शेजाऱ्यांच्या किचनकडून, खिडकीच्या फटींतून येते. न गाळलेली आणि दमट. आत ढकललीत तर कुठून घ्यायची, कशी गाळायची हे तुम्ही ठरवता, आणि उरलेली हवा दाराखालच्या फटीतून बाथरूमच्या वाटेनं निघून जाते. दाराखाली अर्धा-पाऊण इंच फट लागते, तेवढी बघून घ्या.

घरात गॅस गीझर असेल तर हा प्रश्न आवडीनिवडीचा राहत नाही. बंद घरातून जोरात हवा बाहेर ओढली की गीझरचा धूर बाहेर जायचा तो आत परत येऊ शकतो, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. गॅस गीझर बाथरूमच्या आत असेल तर ताज्या हवेचं काम काढण्याआधी तो बाहेर काढा किंवा इलेक्ट्रिक घ्या. मी अशा घरात दुसरं काम हातात घेत नाही.

पंखा बसला की खरंच किती हवा येतेय ते तपासायचं. त्यासाठी यंत्र लागत नाही. कचऱ्याची मोठी काळी पिशवी घ्या, बादलीनं पाणी ओतून ती किती लिटरची आहे ते मोजा, नीट वाळवा, चपटी करून तोंड पाइपच्या तोंडाला धरा आणि घड्याळ लावा. १०० लिटरची पिशवी सात सेकंदांत फुगली तर ३० सीएफएम. पंधरा सेकंद लागले तर फिटरला चहा पाजा आणि परत शिडीवर चढवा.

ऑफिस, क्लास, दवाखाना: इथे ईआरव्ही

माणसं वाढली की गणित उलटतं. एक अंदाज पाठ करून ठेवा: मुंबईत मेच्या दुपारी १०० सीएफएम बाहेरची हवा म्हणजे अर्धा टन एसीचा भार. १५०० चौरस फुटांचं, वीस माणसांचं ऑफिस घ्या. वरच्या सूत्रानं १९० सीएफएम, थोडं वाढवून २५०. म्हणजे सव्वा टन एसी नुसता ताज्या हवेसाठी. साठ टक्के कार्यक्षमतेचा ईआरव्ही लावला की त्यातला पाऊण टन कमी होतो. एसी नवीन घेणार असाल तर तो पाऊण टन विकतच घ्यायचा नाही, इथे पहिली बचत. दिवसाला दहा तास, वर्षाला तीनशे दिवस चाललं तर पंख्यांची जादा वीज वजा जाता सोळाशे युनिटांच्या आसपास वाचतात. व्यापारी दरानं युनिटला बारा रुपये धरा, वर्षाला एकोणीस हजार होतात. आता ईआरव्ही आणि साधा पंखा यांच्या कोटेशनमधल्या फरकाला या आकड्यानं भागा. चार-पाच वर्षांच्या आत आलं तर घ्या, आठ-दहा येत असतील तर मी आग्रह करत नाही.

कोचिंग क्लासला तर पर्यायच नाही म्हणा. दादरला एका क्लासमध्ये चारशे चौरस फुटांत चाळीस मुलं बसायची, एसी चालू, दार बंद, खिडक्यांना काळी फिल्म. तासाच्या शेवटी मीटर तीन हजारांच्या वर. मालक म्हणाले, "मॅडम, दोन पंखे ठोकून द्या ना, कशाला एवढं?" तिथे साडेचारशे सीएफएम लागतात. एवढी कच्ची हवा पंख्यानं आत मारली तर सव्वादोन टन जादा भार आणि ताशी आठ-नऊ लिटर पाणी. त्यांचे एसी आधीच धापा टाकत होते. शेवटी ईआरव्ही बसवला. मुलं आता कमी जांभया देतात, असं सर म्हणतात. मला तो शिकवण्याचाही दोष वाटतो, पण ते त्यांना सांगितलं नाही.

ईआरव्हीचं कॅटलॉग हाती आलं की पहिल्या पानावरचा मोठा आकडा वाचू नका. तिथे ७५-८० टक्के असं काहीतरी छापलेलं असतं, ती तापमानाची कार्यक्षमता असते. मुंबईत तिचा उपयोग किती, ते वर आलंच. आतल्या तक्त्यात एन्थाल्पी कार्यक्षमता शोधा, म्हणजे उष्णता आणि वाफ दोन्ही मिळून. त्यातही हीटिंगचा आणि कूलिंगचा असे दोन वेगळे आकडे असतात आणि कूलिंगचा नेहमी कमी असतो. आपला आकडा तो. ५५ ते ६५ च्या दरम्यान असेल तर ठीक. विक्रेत्याला हा आकडा सांगता येत नसेल, तर तो एचआरव्ही विकत असण्याची दाट शक्यता आहे.

नंतर दाब बघा. बहुतेक यंत्रांत मुळात फक्त जाळीचा फिल्टर असतो. आपल्याला एफ-७ जोडायचा असतो, तेव्हा यंत्राचा बाहेरचा दाब त्याला आणि डक्टला पुरेल का हे आधीच विचारा. पुरत नसेल तर एक माप मोठं यंत्र घेऊन हळू चालवायचं. त्यानं आवाजही कमी होतो. आणि बायपास आहे का? जानेवारीच्या सकाळी बाहेर अठरा-वीस अंश असतात, तेव्हा गाभ्यातून हवा न्यायची गरजच नसते.

बसवताना तीन ठिकाणी नेमकी माती होते. बाहेरून हवा घेणारं तोंड आणि बाहेर सोडणारं तोंड जवळजवळ ठेवतात, मग सोडलेलीच हवा परत आत येते. दोघांत किमान दहा फूट अंतर हवं, शक्य तर वेगळ्या भिंती. ज्या ऑफिसला एकच बाहेरची भिंत आहे आणि तीही सहा फुटांची, तिथे ईआरव्ही बसतच नाही, हे आधीच मान्य करावं.

दुसरं, टॉयलेट आणि पॅन्ट्रीची हवा ईआरव्हीतून फिरवतात, तेवढीच वाचेल म्हणून. ज्या पडद्यातून वाफ जाते त्यातून काही वासही जातात. टॉयलेटला वेगळा एक्झॉस्ट, पॅन्ट्रीला वेगळा. तेलकट हवा गाभ्यात गेली तर गाभा संपलाच.

तिसरं, बाहेरच्या हवेच्या डक्टला इन्सुलेशन करत नाहीत, कारण "ती गार हवा थोडीच आहे". बरोबर, पण फॉल्स सीलिंगच्या वर गारवा असतो, आणि सत्तावीस-अठ्ठावीस अंशांची दमट हवा गार पत्र्याला आतून लागली की डक्टच्या आतच पाणी सुटतं. पावसाळ्यात सीलिंगवर पिवळा डाग दिसला की लोक वरच्या मजल्याच्या बाथरूमला दोष देतात. नायट्राइल रबराचं इन्सुलेशन यंत्रापर्यंतच्या सगळ्या बाहेरच्या डक्टला हवं.

देखभाल कोण करणार, हे ऑर्डर देण्याआधी ठरवा. ठाण्याच्या एका दवाखान्यात मला ईआरव्ही "काम करत नाही" म्हणून बोलावलं. सीलिंगला ट्रॅप डोअरच नव्हतं. इंटिरिअरवाल्यानं जिप्सम एकसंध बंद करून त्यावर दिवे लावले होते. कापून वर गेलो तेव्हा जाळीवर राखाडी नमदा तयार झाला होता, बोट लावलं की चादरीसारखा सुटून येत होता. मागचा कागदी गाभा एका कोपऱ्यात फुगून लाटांसारखा झाला होता, आणि त्यावर कोणीतरी ओल्या फडक्यानं पुसल्याच्या खुणा होत्या. कागदी गाभा पाण्यानं धुवायचा नसतो, फक्त व्हॅक्यूम करायचा. पॉलिमरचे काही गाभे धुता येतात, पण ते कंपनीच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं असेल तरच.

म्हणून कोटेशनमध्ये मी पुढच्या ओळी लिहूनच मागते आणि तुम्हीही मागा. गाभा पूर्ण बाहेर निघेल एवढं ट्रॅप डोअर, फुटांत माप देऊन. एफ-७ फिल्टरचा सुटा संच पहिल्या बिलातच. कूलिंगची एन्थाल्पी कार्यक्षमता आणि १०० पास्कलला मिळणारी हवा, दोन्ही आकडे लेखी. काम झाल्यावर प्रत्येक जाळीपाशी हवा मोजून तक्ता, आणि शेवटचा हप्ता तो तक्ता हातात आल्यावर. आणि एएमसीत, म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारात, जाळी धुण्याचा कालावधी. समोर बांधकाम असेल तर दर पंधरवड्याला, नसेल तर महिन्यानं. "आवश्यकतेनुसार" असा शब्द तिथे असेल तर खोडून घ्या.